खाडाखोड दिसली पाहिजे

प्रति,
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था,
महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,


मी डोंबिवलीत राहते. गेली २६ वर्षे गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिते, त्यांच्या जोडीला दोन लहान पतसंस्थांचेही. मी सनदी लेखापाल नाही आणि संगणकाचे रीतसर शिक्षणही घेतलेले नाही. पण रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज हाताने लिहिण्यापासून ते एक्सेलच्या शीटवर देयके काढण्यापर्यंतचा सगळा प्रवास याच हातांनी केला आहे. त्या प्रवासात वाटेत एक गोष्ट गळून पडली आणि ती कुणी उचलली नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत आणि त्यांतल्या कितीतरी संस्थांचा खजिनदार आज रात्री जेवण आटोपून घरच्या लॅपटॉपवर अशीच एखादी शीट उघडून बसलेला असेल.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. संस्थेचे नाव सांगणार नाही. ७२ सदनिकांची संस्था. खजिनदार रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. अकरा वर्षे त्यांनी एक पैसा न घेता हिशेब सांभाळला. वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळी थकबाकीदारांची यादी छापून आली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाच्या नावापुढे ८,६५० रुपये असा आकडा होता. काकांना तो खटकला. त्यांच्या आठवणीत ती रक्कम ४८,६५० होती. त्यांनी मला फोन केला. मी माझ्याकडची फाइल उघडली, तिथेही ८,६५० च होते, कारण ती फाइल मी संस्थेच्या पेनड्राइव्हवरूनच आठवड्यापूर्वी घेतली होती.

सभेत काकांनी प्रामाणिकपणे सांगितले की हा आकडा चुकीचा आहे. तो सभासद उठून म्हणाला, ‘तुमचीच यादी, तुमचीच शीट, आणि तुम्हीच म्हणता चूक आहे?’ मग मागून कुणीतरी विचारले, ‘शीटला पासवर्ड होता ना? पासवर्ड कुणाकडे होता?’ पासवर्ड काकांकडे होता, सचिवांकडे होता, माझ्याकडे होता, आणि नंतर कळले की कार्यालयात अर्धवेळ येणाऱ्या मुलाकडेही होता. तो पासवर्ड म्हणजे संस्थेचा नोंदणी क्रमांक, जो दाराबाहेरच्या पाटीवर रंगवलेला होता. पण सभेत एवढे कोण ऐकून घेणार? शीटला कुलूप होते, किल्ली खजिनदाराकडे होती, आकडा बदलला होता. लोकांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. त्यातून तो सभासद काकांच्याच मजल्यावरचा, जाण्यायेण्यातला.

आम्ही फाइलचे गुणधर्म उघडून पाहिले. शेवटचा बदल कुणी केला, यापुढे ‘ॲडमिन’ असे लिहिलेले होते. संस्थेच्या संगणकाचे नाव ॲडमिन, काकांच्या लॅपटॉपचे नाव ॲडमिन, त्या मुलाच्या संगणकाचेही ॲडमिन, कारण तिन्ही यंत्रे एकाच दुकानातून घेतलेली होती आणि दुकानदाराने तेच नाव घातले होते. शिवाय तिथे दिसतो तो फक्त शेवटचा हात. त्याआधी कोणी काय केले, याचा तिथे मागमूस नसतो.

पुढच्या नऊ रात्री मी पावती पुस्तके, बँकेचे पासबुक आणि जुन्या छापील देयकांच्या कार्बन प्रती घेऊन बसले आणि ते खाते पहिल्यापासून उभे केले. थकबाकी ४८,६५० च निघाली. त्या सभासदाने पुढे ती हप्त्यांनी भरली. पैशाचा प्रश्न मिटला. ४ चा आकडा कुणी मुद्दाम उडवला की कुणाचे बोट चुकून डिलीटवर पडले, हे आजही कुणाला माहीत नाही, कधी कळणारही नाही. काकांनी राजीनामा दिला. नंतर ते संस्थेच्या सत्यनारायणालाही आले नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा मला म्हणाले, ‘अहो, वही असती तर निदान खाडाखोड तरी दिसली असती.’

महोदय, या पत्रात मला जे म्हणायचे आहे ते त्या एका वाक्यात आहे.

मी हिशेब शिकले ते एका वयोवृद्ध लेखापरीक्षकांच्या हाताखाली. नवी किर्दवही आली की पहिले काम तिच्या पानांवर क्रमांक घालणे. मग पहिल्या पानावर दाखला लिहायचा की या वहीत १ ते २०० पाने आहेत, आणि खाली अध्यक्ष व सचिवांची सही आणि शिक्का. एखादे पान फाडले तर क्रमांक बोलतो. आकडा चुकला तर तो खोडरबराने पुसायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. वर लाल शाईने बरोबर आकडा, बाजूला आद्याक्षरे आणि तारीख. रोजची शिल्लक अक्षरी लिहायची. दोन नोंदींच्या मध्ये ओळ मोकळी राहिली तर ती तिरकी रेघ मारून बंद करायची, म्हणजे मागाहून कुणी तिथे काही घुसडू नये. वही कपाटात, कपाटाला दोन किल्ल्या, दोघांकडे.

त्या वयात मला हा सगळा जाच वाटे. आता कळते की ते एक पूर्ण विचार करून बांधलेले शास्त्र होते. वही कुणाच्या हाती लागूच नये, एवढ्यावर ते थांबत नव्हते. वही हाताळली जाणार, चुका होणार, एखाद्याची नियतही फिरणार, हे धरूनच ते बांधलेले होते. त्याचा भर होता तो या गोष्टीवर की बदल झालाच तर तो दिसला पाहिजे, आणि कुणी केला हे सांगता आले पाहिजे. कपाटाचे कुलूप हे त्यातले शेवटचे आणि सर्वांत कमी महत्त्वाचे कलम.

संगणक आला तेव्हा आम्ही वहीतले आकडे शीटवर नेले, बेरजा आपोआप होऊ लागल्या, व्याजाचे कोष्टक पाठ करावे लागेना. पण पानांचे क्रमांक, आडवी रेघ, आद्याक्षरे, तिरकी रेघ हे सगळे मागे राहिले. बरोबर आणले ते फक्त कुलूप. आणि तेही सर्वांत कच्चे.

हे कच्चे म्हणजे काय, ते जरा जवळून दाखवते, कारण माझ्या अनुभवात दहातले नऊ पदाधिकारी याबाबत गैरसमजात आहेत. एक्सेलमध्ये ‘प्रोटेक्ट शीट’ नावाची सोय आहे. ती लावली की सेलमध्ये टाइप केले तर सूचना येते की ही शीट संरक्षित आहे. पदाधिकाऱ्याला वाटते, झाले, फाइल सुरक्षित. प्रत्यक्षात आजची एक्सेल फाइल ही एक झिपची पिशवी असते. तिच्या आत प्रत्येक शीटसाठी साध्या मजकुराची एक फाइल असते आणि ‘ही शीट संरक्षित आहे’ ही त्या मजकुरातली एक ओळ असते. बाकी सगळे आकडे तिथे उघडे, वाचता येतील असे पडलेले असतात. ती ओळ काढली की कुलूप गेले. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, दाराला कुलूप आहे आणि भिंतच नाही, अशी ती अवस्था. जुन्या आवृत्त्यांत तर शीटच्या पासवर्डची खूण इतकी तोकडी साठवली जायची की वेगळाच एखादा पासवर्डही तिथे चालून जाई. एक्सेल २०१३ पासून ती खूण पक्की झाली, पण ती ओळ काढण्याची वाट तशीच आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे की शीटचे संरक्षण ही सुरक्षेची सोय नाही. चुकून फॉर्म्युल्यावर बोट पडू नये, एवढ्यासाठीच ती आहे. आणि तेवढ्यासाठी ती फार उपयोगी आहे. मी प्रत्येक शीटला लावतेच. तिच्याकडून जास्त अपेक्षा करू नये, इतकेच.

‘बदल करण्यासाठी पासवर्ड’ अशीही एक सोय असते. तो पासवर्ड नसेल तर फाइल फक्त वाचण्यासाठी उघडते. मग ती दुसऱ्या नावाने जतन केली की हवे ते बदलता येते. ‘मार्क ॲज फायनल’ तर नुसती विनंती आहे, समोरच्याने ती मानायची.

खरे कुलूप एकच, ते म्हणजे पूर्ण फाइलच कूटबद्ध करणे. ‘फाइल’, मग ‘इन्फो’, मग ‘प्रोटेक्ट वर्कबुक’, आणि त्यात ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना फाइल जतन करतानाच्या चौकटीत पासवर्डची खूण सापडेल. एक्सेल २००७ पासून इथे एईएस पद्धतीचे कूटलेखन आहे आणि पासवर्ड लांब असेल तर ते मोडणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. पण कितीतरी संस्था आजही १९९७ ते २००३ च्या जुन्या, शेवटी एक्सएलएस असणाऱ्या प्रकारातच फाइल ठेवतात, कारण बारा वर्षांपूर्वी कुणीतरी तशी करून दिली होती. त्या प्रकारातले सर्वसाधारण कूटलेखन ४० बिटांचे, आजच्या साध्या संगणकापुढेही दुबळे. फाइल नव्या प्रकारात जतन करायला अर्धे मिनिट लागते.

आता पाहण्याविषयी. इथे मला काळजी जास्त वाटते.

मागच्या पावसाळ्यात एका संस्थेच्या सचिवांनी थकबाकीदारांची यादी सभासदांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकली. मोबाइलवर नाव, सदनिका क्रमांक आणि रक्कम असे तीन रकाने दिसत होते. त्यांनी पाठवली होती एक्सेल फाइल. मी ती संगणकावर उघडली तर रकान्यांची अक्षरे अ-ब-क अशी ओळीने न जाता मध्ये उडी मारत होती. मध्ये सहा रकाने लपवलेले होते. ते उघडले आणि माझे हातपाय गार पडले: पॅन, आधार, मोबाइल, नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, भाडेकरू आहे की नाही, आणि शेवटच्या रकान्यात सचिवांनी स्वतःसाठी केलेल्या नोंदी. ‘नवरा परदेशी, बाई एकट्या, फोन उचलत नाहीत.’ हे १४० लोकांच्या मोबाइलवर गेले होते. सचिव चांगला माणूस. त्यांना खरोखर वाटत होते की लपवले म्हणजे काढले.

हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक स्प्रेडशीट दिली. वरवर पाहता त्यात फक्त हुद्द्यांप्रमाणे संख्या होत्या. आत एक लपलेली शीट राहून गेली होती, आणि तिच्यात दलातल्या ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती. ती एका संकेतस्थळावर काही तासच होती. पण तिथे पोलिसांवर जीवघेणे हल्ले करणाऱ्या गटांचा इतिहास आहे. कितीतरी पोलीस आपण पोलीस आहोत हे शेजाऱ्यांनाही सांगत नाहीत. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, ब्रिटनच्या संरक्षण खात्यातून एक शीट बाहेर गेली. पाठवणाऱ्याला वाटले तिच्यात दीडशेच नावे आहेत. आत सुमारे १९ हजार अफगाण अर्जदारांची माहिती दडलेली होती, तालिबानपासून जीव वाचवण्यासाठी ब्रिटनकडे आश्रय मागणाऱ्यांची. न्यायालयाच्या आदेशाने ही बातमी जुलै २०२५ पर्यंत लोकांपासून दूर ठेवावी लागली. एवढ्या मोठ्या यंत्रणांची ही गत, तर आमचे सचिव कोणत्या झाडाचा पाला.

म्हणून मी माझ्याकडच्या सगळ्या संस्थांना एक सवय लावली. बाहेर पाठवायची यादी ही मूळ शीटमधून रकाने लपवून काढायची नाही. कोऱ्या नव्या फाइलमध्ये हवे तेवढेच रकाने, फक्त मूल्ये म्हणून चिकटवायचे, त्याची पीडीएफ करायची आणि तीच पाठवायची. एक्सेलमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ म्हणून एक तपासणी आहे. ती लपलेल्या ओळी, रकाने, शीट आणि शेरे शोधून दाखवते. तीही चालवायची. पाच मिनिटांचे काम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण त्या एकट्या राहणाऱ्या बाईंना मी नंतर भेटले, तेव्हा मला त्या दंडाची आठवणही झाली नाही. त्यांनी दाराला आणखी एक कडी बसवून घेतली होती.

उलट्या बाजूचाही एक धोका आहे आणि तो मी पाहिला आहे. एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी मी सांगितले तसे खरे कूटलेखन लावले. ठेवीदारांची मुख्य फाइल, लांबलचक पासवर्ड, फक्त त्यांच्या डोक्यात. ऐन मार्चअखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. तेराव्यानंतर संचालक त्यांच्या पत्नीकडे पासवर्ड विचारायला गेले. त्या माउलीला काय माहीत असणार? त्यांनी मुलांच्या जन्मतारखा सांगितल्या, गावाचे नाव सांगितले, आणि रडू लागल्या. कूटबद्ध फाइलचा पासवर्ड हरवला तर मायक्रोसॉफ्टसुद्धा तो परत देऊ शकत नाही. आम्ही छापील यादी आणि ठेव पावत्यांच्या स्थळप्रतींवरून ती फाइल पुन्हा बांधली. त्याला सात आठवडे लागले. चूक माझीही होती. मी कुलूप कसे लावायचे ते सांगितले, दुसरी किल्ली कुठे ठेवायची ते सांगायला विसरले. तेव्हापासून माझा नियम असा की पासवर्ड कागदावर लिहायचा, लखोट्यात घालायचा, लखोटा लाखेने बंद करून त्यावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा, लखोटाही नवा. आणि पासवर्ड म्हणजे एकमेकांशी काही नाते नसलेले चार-पाच मराठी शब्द, रोमन अक्षरांत सलग टाइप केलेले. तो लक्षातही राहतो आणि लवकर फुटतही नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळ्याच फाइली कुलूपबंद करून टाका. मला ते अजिबात नको आहे. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने सभासदाला संस्थेची कागदपत्रे आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. ‘शीट पासवर्डने बंद आहे, दाखवता येणार नाही,’ हे उत्तर मी समित्यांच्या तोंडून ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आला आहे. शीट उघडी असण्याचे मोल मोठे असते. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी देशांवरील कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध लिहिला. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ जगभर त्याचा दाखला दिला गेला. २०१३ साली थॉमस हर्न्डन या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला अभ्यास करताना त्यातले आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे शीट मागितली आणि त्यांनी ती दिली. त्यात सरासरीचा फॉर्म्युला पाच ओळी आधीच थांबला होता; ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सरासरीतून गळाले होते. निबंधावरच्या आक्षेपांतला हा एक, पण शीट कुलपात राहिली असती तर तो कधीच दिसला नसता. आपल्या संस्थांच्या सिंकिंग फंडाच्या बेरजा याहून वेगळ्या नाहीत. नवीन सदनिकाधारकाची ओळ खाली वाढवली आणि बेरजेचा फॉर्म्युला वरच थांबला, ही चूक मी दरवर्षी कुठे ना कुठे पकडते, आणि निम्म्या वेळा ती आधी एखाद्या जागरूक सभासदानेच पकडलेली असते.

म्हणून आपल्याकडे माझे मागणे आहे ते कुलपांचे नाही, आडव्या रेघेचे आहे.

कंपन्यांसाठी ही रेघ आली आहे. १ एप्रिल २०२३ पासून, जी कंपनी संगणकप्रणालीवर हिशेब ठेवते तिच्या प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा एडिट लॉग असलाच पाहिजे, तो बंद करता येता कामा नये, असा नियम कंपनी कायद्याखाली लागू झाला. टॅलीसारख्या प्रणालींनी तशी सोय करून दिली. सहकारी संस्था कंपनी नाही, म्हणून तो नियम तिला लागत नाही. पण काकांसारख्या माणसाला त्याची गरज कंपनीच्या संचालकापेक्षा जास्त आहे, कारण त्यांच्या पाठीशी ना वकील ना पगार. गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी केंद्राने २०२२ साली संगणकीकरणाची मोठी योजना मंजूर केली, एकसारखी प्रणाली देण्याची. ते उत्तम झाले. पण ५० सदनिकांची गृहनिर्माण संस्था किंवा गल्लीतली सेवकांची पतपेढी आज-उद्या महागडी प्रणाली घेणार नाही. ती एक्सेलवरच राहणार. तिच्यासाठी आपण एक परिपत्रक काढावे, जे हातात असलेल्या साधनांनी पाळता येईल.

त्यात पहिली गोष्ट ही हवी की फाइल एकाच जागी राहील आणि प्रत्येक जण स्वतःच्या नावाने तिच्यात शिरेल. ॲडमिन या नावाने कुणीही नाही. गुगल शीट किंवा एक्सेलची ऑनलाइन आवृत्ती वापरली तर कुणी, कधी, काय बदलले याचा इतिहास राहतो. गुगल शीटवर तर एकेका सेलवर उजवी टिचकी मारून तिचा इतिहास पाहता येतो. सचिवाला आणि खजिनदाराला बदलण्याचा अधिकार, बाकी समितीला फक्त पाहण्याचा, आणि सभासदाला त्याच्या खात्यापुरता उतारा.

दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत प्रिय आहे, तिला इंटरनेटही लागत नाही. कोणत्याही फाइलचा एक ठसा काढता येतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा जन्मतःच असते, ती चालवली की एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ मिळते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा एका ताळेबंदाच्या फाइलचा ठसा काढून कागदावर लिहिला. मग एका सेलमध्ये एक रुपया वाढवला, फाइल जतन केली आणि पुन्हा ठसा काढला. ओळखू येणार नाही इतकी ती ओळ पूर्ण बदलली होती. माझ्या डोळ्यांसमोर ते पहिल्या पानावरचे ‘१ ते २०० पाने आहेत’ आले.

तर दर महिन्याच्या शेवटी हिशेब बंद करावा, त्याची पीडीएफ काढावी, मूळ फाइलची एक गोठवलेली प्रत बाजूला ठेवावी, दोन्हींचा ठसा काढावा आणि व्यवस्थापक समितीच्या इतिवृत्त वहीत, शाईने, त्या सभेच्या कामकाजात ती ६४ अक्षरे लिहून खाली सह्या कराव्यात. काम चालू असलेल्या फाइलला हे करू नये, कारण नुसती उघडून जतन केली तरी तिचा ठसा बदलतो. म्हणून गोठवलेली प्रत वेगळी. दुरुस्ती करायची असेल तर ती पुढच्या महिन्यात, वेगळी नोंद म्हणून, कारणासह. मागचा आकडा तसाच वाचता येईल, लाल शाईने वर बरोबर आकडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात देताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यातही हाच ठसा मागितला आहे. म्हणजे आपण नवे काही सांगत नाही, न्यायालयाच्या दारात जे लागणार ते आधीच वहीत लिहून ठेवायला सांगतो.

आणि एक विनंती लेखापरीक्षकांसाठी. अधिनियमाच्या कलम ८१ प्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण होते. परीक्षकांनी त्या वेळी वहीतला ठसा आणि फाइलचा ठसा जुळतो का, एवढे पाहून अहवालात एक ओळ लिहावी. नसेल जुळत तर दोष दुरुस्ती अहवालात संस्थेला उत्तर द्यावे लागेल. जिल्हा सहकारी मंडळांच्या प्रशिक्षण वर्गांत पदाधिकाऱ्यांना हे अर्ध्या दिवसात शिकवता येईल. मी शिकवायला तयार आहे, मानधनाशिवाय.

काकांना ठसा माहीत नव्हता. आधीच्या एखाद्या महिन्याच्या इतिवृत्तात ती एक ओळ असती आणि त्या महिन्याची गोठवलेली प्रत कपाटात असती, तर त्या सभेत पाच मिनिटांत दाखवता आले असते की समितीने सह्या केल्या तेव्हा तिथे ४८,६५० होते. कुणी बदलले हे तरीही कळले नसते. पण काकांकडे बोट दाखवणाऱ्याला आधी त्या वहीकडे पाहावे लागले असते.

माझ्याकडच्या १९ संस्थांपैकी ११ संस्थांनी ही पद्धत स्वीकारली आहे. पहिले दोन महिने सचिव कुरकुरतात, ६४ अक्षरे हाताने लिहायची म्हणजे काय. मग मी सांगते, छापून चिकटवा आणि चिकटवलेल्या कागदाच्या कडेवरून सही करा, अर्धी कागदावर, अर्धी वहीवर. ते त्यांना लगेच समजते. त्या संस्थांच्या इतिवृत्त वह्या, गोठवलेल्या प्रती आणि ठसा काढण्याची रीत दाखवणारा दोन पानी मराठी कागद माझ्याकडे तयार आहे. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास मी समित्यांची परवानगी घेऊन त्या वह्या पुण्याला घेऊन येईन. मार्चअखेरीच्या आधी बोलावलेत तर बरे होईल. नंतर दोन महिने मला मान वर करायला सवड नसते.

आपली विश्वासू,
एक हिशेबनीस,
डोंबिवली